हुपरीच्या मुलांनी काढलेला ज्वालामुखी

आमच्या कोल्हापूरच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मागे सिमेंटचा एक हौद होता. चित्रकलेचा तास संपला की मी आणि पद्मा तिथे ब्रश धुवायला जायचो. एका दुपारी तिने तिच्या ब्रशमधला निळा रंग पाण्यात सोडला, मी माझा पिवळा सोडला, आणि दोन्ही रंग जिथे भेटले तिथे पाणी हिरवं होत गेलं. आम्ही दोघी ते बघत उभ्या राहिलो. मग सिस्टरने घंटा वाजवली आणि आम्ही वर्गात गेलो. बाकी काहीच घडलं नाही त्या दुपारी. पण कोणी कोल्हापूरचं नाव काढलं की मला आधी तो हौद आठवतो, मग अंबाबाई, रंकाळा वगैरे.

त्याच पद्माचा एप्रिलमध्ये फोन आला. पद्मा सासरी हुपरीला असते. जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झाली आणि आता मे महिन्यात गावातल्या मुलांना घराच्या माडीवर जमवून काहीबाही शिकवते. यंदा विषय होता ज्वालामुखी. मुलांना ऐकायला नको असतं, काढायला हवं असतं, तेव्हा भूगोल माझा आणि रंग तुझे, निमूट ये, असा तिचा हुकूम होता.

मेमधलं ऊन आणि माझे गुडघे या दोन सबबी मी देणार होते. दिल्या नाहीत, त्याचं कारण इरा.

इरा माझी नात, तिसरीतून चौथीत गेलेली. गेल्या हिवाळ्यात तिने मोबाईलवर ज्वालामुखी फुटतानाचा व्हिडिओ पाहिला. तेवढ्यावर भागलं असतं, पण वर्गात कोणीतरी तिला सांगितलं की आपला अख्खा महाराष्ट्र लाव्हाचाच बनलाय, पुणेसुद्धा. अडचण अशी की हे जवळजवळ खरं आहे. तेव्हापासून आमच्या घरात रोज संध्याकाळी एक प्रश्न यायचा, "आज्जी, खाली अजून गरम आहे का?" पार्किंगमधल्या फरशीची भेग ती येता-जाता तपासायची. रात्री पलंगावरून पाय खाली टाकायची नाही, पाणी हवं असेल तर हाक मारायची. माझ्या मुलाने, निखिलने, तिला शास्त्र समजावलं. सुनेने व्हिडिओ बंद केले. मी गोष्टी सांगितल्या. काही उपयोग झाला नाही, कारण खोटं बोलायचं नाही असं आम्ही तिघांनीही ठरवलं होतं आणि खोटं न बोलता तिची भीती घालवायची कशी, हे आम्हाला येत नव्हतं.

ज्वालामुखीला घाबरणाऱ्या मुलीला ज्वालामुखीच्या चित्रवर्गाला न्यायचं, हे सुनेला पटेना. निखिल म्हणाला, काट्याने काटा निघतो का बघू. अशा रीतीने आम्ही दोघी निघालो.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरा, एवढा सल्ला देते. साताऱ्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे, वळणावळणाने गाडी खाली उतरवतात, आणि दुपारच्या गाडीने निघालात तर धूळ आणि ऊन दोन्ही खाल. बायकांना अर्धं तिकीट, मुलांनाही अर्धं. कंडक्टर कोल्हापूरचा होता. त्याने तिकिटं फाडली, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही दोघी मिळून एकच पावणं झाला की." इरा पहिल्यांदा हसली ती तिथे. कराडपर्यंत मात्र ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. बाहेर सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर होते. लाव्हाचे थर. ते तिला माहीत होतं.

कोल्हापूर स्टँडच्या बाहेर मिसळ खाल्ली. मुलांबरोबर असाल तर कट वेगळा मागा, तरीही तो येईल तो लालच येईल. इराने दह्यात ब्रेड बुडवून खाल्ला आणि पाण्याचा तांब्या रिकामा केला. मग हुपरीची बस. उचगाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो आणि तासाभरात हुपरी. बसमधून उतरलात की गाव आधी ऐकू येतं. घराघरातून टुकटुक, टुकटुक, मधेच पॉलिशच्या मशीनचा घरघराट. इथल्या पैंजणांना सगळीकडे मागणी असते आणि बहुतेक घरांत पुढची खोली म्हणजे चांदीचा कारखानाच.

पद्मा दारातच उभी होती. "शुभे, किती वाळलीस गं," म्हणाली. मी म्हटलं, तू नाही वाळलीस. त्यावर तिने माझ्या पाठीत गुद्दा घातला, अगदी सातवीतल्यासारखा. घर जैनांचं, तेव्हा दिवस मावळायच्या आत जेवण. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि तरीही त्या आमटीची चव माझ्या जिभेवरून उतरत नाही. पुण्यात साडेनऊला जेवणारी इरा ऊन अंगणात असतानाच भाकरी खाऊन मोकळी झाली. जेवताना तिने पद्माला तिचा प्रश्न विचारला. पद्माने भूगोलाच्या बाईंसारखं उत्तर दिलं. खूप, खूप खोल गरम आहे. पण मधे निवलेल्या दगडाचा इतका जाड थर आहे की आपली विहीरसुद्धा त्याच्या पापुद्र्यातच संपते. इराने मान डोलावली आणि पाय उचलून पाटावर घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवर वर्ग भरला. मुलं-मुली मिळून माडी भरली होती, सगळी पद्माला 'पद्माक्का' म्हणत होती. पद्माने आधी सांगून टाकलं की आपल्याकडे शंकूसारखा डोंगर आणि वर धूर, असला ज्वालामुखी नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातून लाव्हा वर आला, पसरला, निवला. त्याच्यावर पुन्हा आला, पुन्हा निवला. थरावर थर. म्हणून आपले डोंगर सपाट.

मग माझी पाळी. मी मोठ्या हौसेने माझी आवडती युक्ती काढली, सिस्टरांनी आम्हाला शिकवलेली. कागदावर मेणखडूने पिवळा, नारिंगी, लाल रंग गच्च भरायचा. त्यावर काळा मेणखडू घासून सगळं झाकायचं. मग पिनेने काळा थर खरवडला की खालून आग दिसू लागते. मुलं वेडी झाली. सगळीकडे काळा भुगा उडत होता आणि भेगाभेगांतून लाव्हा उजळत होता.

इराने नारिंगी भरला, काळा भरला. पिन हातात घेतली आणि खाली ठेवली. माझ्या कानात म्हणाली, "म्हणजे खाली अजून आहेच."

भीती घालवायला आणलं होतं आणि मी तिच्या भीतीचंच चित्र तिच्या हातात दिलं होतं.

तेवढ्यात पद्मा पलीकडून हसत ओरडली, हे काय काढलंय सगळ्यांनी. मी उठून पाहिलं. जवळपास प्रत्येक चित्रात, भेगेच्या शेजारी, एक माणूस बसला होता. कोणाच्या माणसाला मिशा, कोणाच्या डोक्यावर टोपी, पण सगळ्यांच्या हातात लांब सांडशी. पद्माने विचारलं, हा कोण. पुढच्या रांगेतली श्रावणी, दोन वेण्या आणि एक पुढचा दात नसलेली, तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"ओतायला माणूस नको व्हय? आपलं आपण कसं ओततंय?"

हुपरीच्या मुलांनी वितळलेली गोष्ट जन्मापासून पाहिली आहे, पण माणसाशिवाय कधी पाहिलेली नाही. घरात मूस तापते, चांदी पाण्यासारखी होते आणि बाबा किंवा काका सांडशीने उचलून ती साच्यात ओततात. तेव्हा एवढा लाव्हा ओतायला कोणीतरी बसलेलाच असणार. मला ते इतकं आवडलं की मी टाळ्या वाजवल्या. पद्मा मात्र कंबरेवर हात ठेवून उभी. तिचं म्हणणं, हे चूक आहे आणि चूक पुसली पाहिजे. माझं म्हणणं, चित्रातलं काही पुसायचं नसतं. ती म्हणाली, तू आयुष्यभर अशीच लाडावत आलीस पोरांना. मी म्हटलं, आणि तू आयुष्यभर खोडरबर घेऊन फिरलीस. मुलं एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. शेवटी असं ठरलं की माणूस राहील, पण मुलांनी पक्कं लक्षात ठेवायचं की तो खरा नव्हता.

दुपारी श्रावणी आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. तुम्ही गेलात तर ओळखीच्या कोणाबरोबर जा. माणसं अगत्याने दाखवतात, पण काम चालू असताना मधेमधे करू नका. कारखाना म्हणजे उंबऱ्यापलीकडची खोली. तिचे वडील भट्टीपाशी बसले होते. त्यांनी मूस उचलली, तिच्यात उन्हाचा तुकडा भरल्यासारखं काहीतरी हललं, आणि त्यांनी ते साच्यात ओतलं. बघता बघता त्यावरची लाली विझली, पांढरी पट्टी उरली. इरा माझा हात घट्ट धरून उंबऱ्याच्या अलीकडे उभी होती, पण डोळे मिटले नव्हते तिने. पट्टी पांढरी झाल्यावर ती पुढे झुकली, तर श्रावणीने तिला मागे ओढलं. निवल्याबिगर उंबरा ओलांडायचा नाही, हा घरचा नियम. आणि निवली की नाही हे डोळ्याने कळत नाही. पांढरी दिसली म्हणजे निवली असं नसतं. उलटा हात जवळ धरायचा, तळवा नाही, हाताची मागची बाजू. तिथे कातडी पातळ, लगेच कळतं. आमच्यासमोर तिने तो हात हवेत धरून दाखवला, एखाद्या मोठ्या बाईच्या थाटात. वडील मिशीत हसले. म्हणाले, "आमची इन्स्पेक्टर हाय ती."

घरी परतताना इराने पद्माला विचारलं, खऱ्या ज्वालामुखीजवळ कोण बसलेलं असतं. पद्माने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, कोणी नाही बाळा. त्या रात्री इरा माझा पदर मुठीत धरून झोपली.

तिसरा दिवस जोतिबाचा. पद्माची योजना होती की मुलांनी थरांचा डोंगर प्रत्यक्ष पाहावा, तिथेच बसून रेखाटावा. ओळखीच्यांची एक जीप, त्यात मावतील तेवढी मुलं, प्रत्येकाच्या मांडीवर वही आणि भडंगाची पुडी. रविवार टाळा, त्या दिवशी भाविकांची गर्दी उसळलेली असते. आम्ही मधल्या वारी गेलो. सकाळी लवकर पोचायचं होतं, पण जीपवाल्याला वाटेत एक मेहुणा भेटला, मेहुण्याला चहा पाजल्याशिवाय सोडता येत नव्हतं, आणि आम्ही डोंगरावर पोचलो ते ऐन दुपारी. घाटात पद्मा खिडकीतून हात काढून दाखवत होती, हा एक थर, त्यावर हा दुसरा, मधे ही लाल माती. मुलं मान वाकडी करून बघत होती. इरासुद्धा बघत होती, एका डोळ्याने.

जोतिबाला आधी डोंगर चढायचा आणि मग पायऱ्या उतरून देवळात जायचं. दुकानदार खोबरं आणि गुलाल विकत असतात. चपला एखाद्या दुकानात सोडा, नारळ तिथूनच घ्या म्हणजे कोणी काही म्हणत नाही. देऊळ, पायऱ्या, आवार, सगळं काळ्या दगडाचं आणि त्या काळ्यावर सगळीकडे गुलालाची गुलाबी साय. चांगभलंचा गजर झाला की कबुतरं उडत होती आणि आमची पोरंही तेवढ्याच जोराने ओरडत होती.

आवारात चालायला गोणपाटाच्या पट्ट्या अंथरल्या होत्या. इरा कबुतरांच्या मागे धावली आणि पट्टीवरून खाली, काळ्या दगडावर उतरली.

ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. उडी मारून परत आली, माझ्या दोन्ही पायांवर आपले दोन पाय ठेवून उभी राहिली आणि माझ्या पोटात तोंड खुपसलं.

"आज्जी, तो निवलेला नाहीये. आपण घरी जाऊ."

ऊन आहे बाळा, असं मी म्हटलं, पण असलं सगळं आमचं घरी किती वेळा सांगून झालं होतं. पद्मा जवळ आली. परत न्यावं हिला, असं मी मनात ठरवलंही होतं.

श्रावणी तोंडभर गुलाल घेऊन आली. काय झालं विचारलं आणि ऐकून घेतलं. समजूत वगैरे काही काढली नाही. खाली बसली, उन्हातल्या दगडावर उलटा हात धरला आणि चटकन मागे घेतला. म्हणाली, तापलाय, खरं हाय हिचं. मग इराला हाताला धरून पट्टीवरूनच ओवरीपाशी घेऊन गेली. तिथे सावली होती. त्याच दगडाची फरशी, उन्हातून सरळ सावलीत गेलेली. श्रावणीने सावलीतल्या दगडावर उलटा हात धरला. बराच वेळ धरला. मग फतकल मारून बसलीच त्यावर.

"खालनं तापला असता तर सावलीत बी तापला असता की. धर हात."

इराने लगेच धरला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी होही म्हटलं नाही, नाहीही नाही. मग तिने डोळे मिटून आपला हात उलटा केला आणि दगडाच्या जवळ नेला. थोडा जवळ. अजून थोडा. शेवटी टेकवलाच.

"गार आहे," ती म्हणाली. मग स्वतःशीच परत एकदा, "गार आहे."

नंतर एक पाय ठेवला. नंतर दुसरा. आणि मग तिने जे केलं ते बघायला तिचे आईबाप तिथे हवे होते. ऊन आणि सावलीच्या रेघेवर ती दोन्हीकडे एकेक पाय ठेवून उभी राहिली. उन्हातला पाय चटका बसून वर, सावलीतला खाली. मग उडी मारून पाय बदलले. बाकीच्या मुलांनी ते पाहिलं आणि लगेच त्याचा खेळ झाला. सगळी पोरं त्या रेघेवर नाचू लागली. ओवरीत बसलेल्या एका म्हातारबुवांनी विचारलं, ही कुठली नवी रीत काढली देवाची. पद्मा म्हणाली, भूगोलाची आहे, बुवा. ते म्हणाले, असंल असंल, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

पद्माचे डोळे भरले होते. तिने पदराने ते पुसले आणि गुलाल डोळ्यात गेला म्हणून सांगितलं. मग म्हणाली, पुढल्या वर्षी वर्ग इथेच भरवायचा, ऐन दुपारी.

मुलांनी ओवरीतच बसून चित्रं काढली. हुपरीची मुलं इथेही सांडशीवाला माणूस काढतच होती, फक्त आता तो सावलीत बसला होता. इराने खालपासून सुरुवात केली. कागदाच्या अगदी तळाशी बारीक नारिंगी रेघ, कारण पद्माआजीने सांगितलंय ते खोटं नाही. त्यावर काळा थर मेणखडूचा, त्यावर काळा पेन्सिलीचा, त्यावर काळा कोळशाचा, सगळे निवलेले, एकमेकांपेक्षा वेगळे. मी इतकी वर्षं काळा रंग एकच समजत आले होते. सगळ्यात वर सावलीची रेघ आणि पाय, खूप सारे पाय. माणूस तिने काढला नाही. त्याच्या जागी उलटा हात धरून बसलेली एक मुलगी काढली, दोन वेण्यांची, दात नसलेली.

परतीच्या आदल्या संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीत थांबलो. म्हैस समोर बांधलेली असते, धार काढून फेसाळ दूध तसंच ग्लासात देतात. इराचा ग्लास संपला. पांढरी मिशी घेऊन ती दूधवाल्याला म्हणाली, "मी अजून एक पितो." इथल्या मुली असंच बोलतात आणि तिने ते श्रावणीकडून उचललं होतं. दूधवाल्याला यात काहीच नवल वाटलं नाही. त्याने दुसरा ग्लास भरला.

पुण्याला येऊन आता काही दिवस झाले. माझे गुडघे अजून कुरकुरत आहेत. नव्या साडीवरचा गुलाल दोन धुण्यांत गेला नाही, आणि जावा असं मला फारसं वाटतही नाही. काय उरलं म्हणाल तर, भीती घालवायला खरं सांगून पुरत नाही, ते हाताला लागावं लागतं, एवढं मी या वयात शिकले. संध्याकाळचा तो प्रश्न आता येत नाही. कधीतरी येईलही. पण मध्यरात्री स्वयंपाकघरातून पाण्याच्या भांड्याचा आवाज येतो आणि अनवाणी पावलं परत जातात, तेव्हा मी आणि निखिल आपापल्या खोल्यांत जागे असतो आणि उठत नाही.

पुढच्या आठवड्यात निखिल कामानिमित्त कोल्हापूरला जाणार आहे. त्याच्याबरोबर चित्रांची गुंडाळी जाईल, तिथे काढलेली आणि इथे येऊन काढलेली. कोणाला काय द्यायचं ते इराने मला सांगितलं. तिने सांगितलं तसंच लिहिते आहे:

थरांचा डोंगर पद्माआजीला. तिने तो माडीवर लावायचा. वर खिळा ठोकायचा, खालची नारिंगी रेघ झाकायची नाही.

पायांचं चित्र श्रावणीला. त्यात तिचेही पाय आहेत, त्यामुळे ते अर्धं आधीच तिचं आहे. स्केचपेनची पेटीपण तिला, त्यात गुलाबी नाही, संपला.

श्रावणीच्या बाबांना सांडशीवाला माणूस. मिशा चुकल्या आहेत, चालवून घ्या.

जोतिबाच्या ओवरीतल्या आजोबांना कबुतर. ते नसतील तर तिथे जे कोणी बसलं असेल त्यांना.

आईला वर्गाच्या पहिल्या दिवशीचा कागद, नारिंगीवर काळा. तो मी खरवडला नव्हता. आता तिने खरवडला तरी चालेल. खाली पेपर घ्यायचा, कचरा पडतो.

आज्जीला काही नाही. ती होती तिथे.